एकाही अक्षराला हात न लावता

लसींच्या गोदामातला फ्रीज चौदा अंशांवर गेला, तरी घंटा वाजली नाही. चार हजार कुप्या वाया गेल्या. चौकशीची तसदी न घेता व्यवस्थापकांनी दोषी कोण, तेही ठरवून टाकलं: फ्रीजची मर्यादा लिहिणारी प्रोग्रामर. तिचा राजीनामा त्यांनीच टाइप करून ठेवला होता. तिने सहीऐवजी टाचणीला बोलावलं.

टाचणी ही खासगी तपासनीस; हे नाव तिच्या जिभेने कमावलेलं. सोबत थोरला भाऊ, निवृत्त फौजदार. गोदामाचा प्रोग्राम पायथन या संगणकभाषेत होता; पण पायथन म्हणजे अजगर, एवढंच त्यांना ठाऊक.

"ताई, माझ्या फाइलीत आठच अंश आहेत," प्रोग्रामर रडवेली होऊन म्हणाली. आठच होते. पण घंटा बाहेरच्या पॅकेजकडे, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलींच्या गठ्ठ्याकडे, 'लिमिट' मागायची, आणि त्या पॅकेजच्या फाइलीत आतल्या दोन पॅकेजांसाठी दोनच ओळी: 'फ्रीज'मधलं सगळं घ्या, 'रूम'मधलं सगळं घ्या.

'रूम', म्हणजे गोदामाच्या खोलीचं पॅकेज लिहिणारा जाडा प्रोग्रामर जांभई देत म्हणाला की त्याचंही 'लिमिट' आहे, पंचवीस अंशांचं, पण वर्षभरात त्याने फाइल उघडलेली नाही. फौजदारांनी मनोमन त्याला बेड्या घातल्या. चौकीदाराने सांगितलं, सोमवारपर्यंत दार जरा उघडं राहिलं तरी घंटा बोंबलायची.

व्यवस्थापकांच्या फळीवर कर्मचाऱ्यांच्या नावांचे कप ओळीने मांडलेले, अ पासून ह पर्यंत. "सोमवारी मी बाहेरची फाइल जरा नीट लावली," ते गुळगुळीत हसले. "एकाही अक्षराला हात लावला नाही. मला पसारा खपत नाही."

टाचणीने सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"साहेब खरं बोलले. अक्षरं तीच आहेत, फक्त ओळी वरखाली केल्यात. दोन पॅकेजांतून एकाच नावाचे दोघे आत आले, की पायथन शेवटी आलेल्यालाच ओळखतो. आधी फ्रीज शेवटी यायचा. यांनी वर्णानुक्रम लावला. फ वर गेला, र खाली. घंटा पंचवीसची वाट बघत बसली."

फौजदारांनी कपांकडे पाहिलं. इतका वेळ ते डोळ्यांसमोर होते, याची त्यांना लाज वाटली.

"दोन मर्यादांना दोन नावं द्या," टाचणी प्रोग्रामरला म्हणाली, "आणि कोणती नावं बाहेर जातील, याची यादी प्रत्येक पॅकेजच्या दाराशी लावा. सगळं घ्या, हा आळशांचा कारभार आहे."

"पण माझा हेतू..." व्यवस्थापक पुटपुटले.

तिने टेबलावरचा राजीनामा उचलला, प्रोग्रामरच्या नावावर काट मारली, वर त्यांचं नाव लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"सही करा. बाकी एकाही अक्षराला मी हात लावलेला नाही."