बेटावदवालीचं नाव

कंदील जरा बारीक करा रे, डोळ्यांवर येतोय. हं. तर आपला भाईदास शिंपी. तुमच्यातल्या निम्म्यांची अंगडी-टोपडी त्यानेच शिवलेली. छत्तीस सालची गोष्ट, पौष अमावास्येच्या आदल्या रात्रीची. भाईदास नरडाणा स्टेशनावर पेपर आणायला गेला होता. जळगावचं साप्ताहिक संध्याकाळच्या गाडीने यायचं आणि दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बसून भाईदास ते गावाला वाचून दाखवायचा.

वाचता येणारे गावात आणखीही होते, पण भाईदासची सर कुणाला नव्हती. कारण कागदावर असेल तेवढंच तो वाचत नसे. कापसाचा भाव, साहेबाचा दौरा हे भरभर उरकायचा आणि खून आला की मांडी बदलून बसायचा. मुडदा परगावचा असला की आपल्याकडे ती करमणूकच. पार गच्च भरायचा.

आधीच्या अंकात अशीच एक बातमी होती, जेमतेम दोन-तीन ओळींची. तापीकाठच्या एका गावी एका इसमाने क्षुल्लक कारणावरून बायकोस कुऱ्हाडीने ठार केले, आरोपीस अटक. बस. आता क्षुल्लक म्हणजे काय, ते पेपरवाल्याने लिहिलंच नव्हतं. ते भाईदासने पुरवलं. भरीत खारट झालं, म्हणाला. मग बाई कशी फणकारली, नवऱ्याने घास कसा थुंकला, कुऱ्हाड शोधताना त्याचं धोतर कसं सुटलं, सगळं उठून करून दाखवलं. माणसं पोट धरधरून हसली. पितांबर पाटलांनी तर ती बातमी पुन्हा वाचायला लावली.

त्या रात्री गाडी बरीच उशिरा आली. पेपर काखेत मारून भाईदास एकटाच गावाकडे निघाला. थंडी कडाक्याची. दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या कपाशीची शेतं. नाल्याजवळ आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, मागून कुणीतरी चालतंय. बांगड्या वाजत होत्या, म्हणजे कुणी बाईमाणूस असावं. इतक्या रात्री एकटी बाई कशी, म्हणून तो थांबला. तीही थांबली.

"भाऊ, पेपर तूच वाचस ना?"

"हो. कोण तुम्ही?"

अगदी हळू आवाजात...

"भरीत खारं नही व्हतं, भाऊ."

खाऱ्या भरिताची गोष्ट पारावर तयार झालेली. ती ऐकायला बाईमाणूस कुणी नव्हतं. मागे वळून पाहायची त्याची छाती झाली नाही.

"पेपरमा मनं नाव काय छापेल शे?"

भाईदासने काखेतला पेपर घट्ट धरला.

"सासरमा मले बठ्ठा बेटावदवाली म्हनेत. नाव कोनी लिधंच नही. आते मले मनंच नाव याद ई नही ऱ्हायनं... सांग ना, भाऊ. तू वाचेल शे."

आपल्याकडची रीतच ती. सून घरात आली की तिच्या माहेरचं गाव तेवढं राहतं, नाव गळून पडतं. पेपरातही नाव नव्हतं. 'बायकोस', एवढंच. ते सांगून टाकायचं होतं. पण भाईदासला भीती वाटली. आणि सवय. अडलं तिथे पदरचं घालायची सवय...

"छापलंय," तो म्हणाला. "चमेली."

धुळ्याच्या जत्रेत पाहिलेल्या एका नाचणारीचं नाव. तोंडाला आलं ते बोलला.



"चमेली..." ती म्हणाली. "चमेली. बरं नाव शे, भाऊ."

पावलं नाल्यात उतरली. दूर जाईपर्यंत ऐकू येत होतं. चमेली... चमेली... लहान पोर नवा शब्द घोकतं ना, तसं.

भाईदास घरी पोचला, पण त्याला झोप लागली नाही. भीती ओसरली होती, शरम मात्र जाईना. सकाळी दुकान न उघडता तो तडक बेटावदला गेला. तिची आई सापडली. नाव विचारलं तर म्हातारी म्हणाली, "बुधी. बुधवारले व्हयनी, म्हनीसन बुधी." मग तिनेच विचारलं, "दादा, पेपरमा काय लिखेल व्हतं मनी बुधीनं?"

भाईदासला तोंड वर करता आलं नाही. हे मला सांगतानाही त्याने मान खाली घातली होती.

पेपर वाचणं त्याने सोडलं. लोकांनी कितीदा आग्रह केला, पण नाही म्हणजे नाही. रोज अंधार पडला की नाल्यावर जायचा आणि हाक मारायचा. "बुधी... बुधीबाई..." मरेपर्यंत जात होता. कधी साधी चाहूलही लागली नाही. तू दिलेल्या नावाने हाक मारून बघ, असं मी एकदा म्हणालो. तर म्हणाला, "नाना, ते नाव आता तोंडातून निघत नाही."

गेल्या आखाजीला, अक्षय तृतीयेला, आपल्या पुनाची नवी म्हैस सुटली. दाव्यातून निसटून नाल्याकडे गेली. रात्रीची वेळ. पुनाला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याने म्हशीचं नाव हौसेने ठेवलेलं, तेच घेऊन हाक मारली.

"चमेली..."

म्हैस तिथेच बांधाजवळ बसली होती. तिने मानसुद्धा उचलली नाही.

पण खाली नाल्यातून, कुणीतरी लगबगीने...

"ओ, भाऊ."