आत कोणी?

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही थाप नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. भर दुपारी तीन वाजता, तिच्या प्रयोगशाळेत.

मावशी आणि काका एकाच ठिकाणी कामाला. काका डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक स्फटिक बनवायचे आणि काचेवर त्यांचा थर द्यायचे. यंत्रातून प्रोटॉनच्या किरणांचा मारा झाला की ती काच हिरवी चमकायची. किरण कुठे, किती पडले ते त्या चमकेवरून कळायचं. काच तपासायचं काम मावशीचं.

ते किरण माणसाच्या जिवावर बेतणारे, म्हणून सोडायच्या आधी एक नियम होता. शेवटच्या माणसाने खोलीभर फिरायचं, "आत कोणी?" म्हणून ओरडायचं, मग दाराजवळचं बटण दाबायचं. बटण दाबलं म्हणजे आत कोणी नाही, ही तुमची जबाबदारी.

काका मुद्दाम यंत्रामागे थांबायचे. "आहे ना, तुझा नवरा!"

"अहो, चेष्टा पुरे. या बाहेर."

बावीस वर्षं हेच.

आणि एका पहाटे काका झोपेतच गेले. धडधाकट माणूस हो!

मागे राहिली त्यांची शेवटची काच. महिन्याभराने तिची चाचणी ठरली. यंत्राची वेळ पुन्हा मिळणार नव्हती; त्या दिवशी झाली नसती, तर काकांचं पाच वर्षांचं काम कपाटात पडलं असतं. मावशी म्हणाली, मीच करणार.

तिने काच लावली. दिवे घालवले. सवयीने ओरडली, "आत कोणी?"

शांतता...

आणि काच चमकली.

किरण बंद होते. दार सताड उघडं होतं. दार उघडं असलं की ते यंत्र चालूच होत नाही.

स्पीकरवरून बाहेर बसून यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरचा आवाज आला. "मॅडम... आत कोण आहे?"

म्हणजे त्यालाही कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती चमक दिसली होती.

काच विझली. मावशीने यंत्रामागे जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. तिने पुन्हा विचारलं. या वेळी अगदी हळू.

"आत... कोणी?"

काच पुन्हा चमकली.

मावशी तिथेच फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. "अहो, या ना बाहेर. तुमचंच काम आहे हो, मला करू द्या."

काच चमकतच राहिली...

शेवटी तिने डोळे पुसले, उठली आणि बटण दाबलं.

चाचणी झाली. काच उत्तम निघाली, अहवाल काकांच्या नावाने गेला. ऑपरेटरने मात्र त्या खोलीचं काम कायमचं सोडलं. आणि ती काच त्यानंतर किरण नसताना एकदाही चमकली नाही. मावशी रोज विचारते, तरीही नाही.

परवा तिच्याकडे गेलो होतो. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "काकांचं काम पार पडलं ना मावशी, झालं तर मग."



"आत कोणी असेल तर बटण दाबायचं नसतं," ती म्हणाली. "मी दाबलं रे."