श्वास मोजायची खोली

पन्नाशी उलटल्यावर मी लिहायला शिकले. रचून लिहिणं मला येत नाही. हे माझ्यासमोर घडलंय, तसंच सांगते.

गंगापूर रोडच्या मागे एक सरकारी संस्था होती. धूळ-धुरानं होणारे आजार तिथं तपासत. मी झाडलोट करायचे.

तिथं श्वास मोजायचं जुनं मशीन होतं. नळीत फुंकलं की पाण्यावरचा पत्र्याचा डबा वर चढायचा. तपासणाऱ्या मोहिनी मॅडम शेजारी उभ्या राहून ओरडायच्या, "फुंका! अजून... अजून!"

माझा नवरा कोंडाजी खडी क्रशरवर होता. छातीत दगडाची धूळ बसली. शहाण्णव साली शेवटचा फुंकायला आला, तेव्हा डबा हललाही नाही.

तरी हसून म्हणाला, "मॅडम, वाजंत्र्यानं पण एवढं फुंकलं नसंल!"

त्याच महिन्यात गेला. जाताना एकच बोलला, "चंदरला क्रशरवर धाडू नको."

चंदर आमचा एकुलता एक.

दोन हजार चार साली संस्था बंद झाली. सामान ट्रकनं जायचं होतं. मशीनमधलं पाणी मीच काढलं. नळी गुंडाळून ठेवली.

भर दुपार होती. वॉचमन दत्तू फाटकावर. आत मी एकटी.

फुस्स...

मी वळले.

डबा वर चढत होता.

आत पाणी नव्हतं. नळी गुंडाळलेलीच होती.

डबा खाली बसला. पुन्हा चढला. प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी...

आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं,

"अजून..."

मॅडमचा आवाज नव्हता.

कोंडाजीचा होता.

केरसुणी टाकून मी पळाले.

"काय सुलाबाई, भूत पाहिलं का काय?" दत्तू हसला.

"तूच बघून ये."

तो आत गेला. परतला तेव्हा हसत नव्हता.

"सुलाबाई, मशीन बंदच हाय. पण नळीचं तोंड... ओलं हाय."

घरी आले. चंदर झोपला होता. नाशिक रोडला पिठाच्या गिरणीत कामाला आहे, असं मला सांगायचा.

त्याच्या पापण्या पांढऱ्या होत्या. हलवून उठवलं.

"पीठ हाय गं, आई."

मी बोटावर घेतलं. दाताखाली धरलं.

कच्च वाजलं.

पीठ वाजत नाही.

"कधीपासून जातोस क्रशरवर?"

त्यानं मान खाली घातली. सुस्कारा सोडला...

शेवटी तीच बारीक शिट्टी.

दुसऱ्या दिवशी मी क्रशरच्या फाटकात वाट अडवून बसले. चंदरचं काम सुटलं. मशीन ट्रकमधून कुठं गेलं, मला माहीत नाही.

शिट्टी मात्र गेली नाही.

तो झोपला की मी उशाशी बसते. तो श्वास सोडतो... थांबतो... आणि अगदी जवळून कोंडाजी म्हणतो, "अजून."

मग पुढचा श्वास येतो.

इतकी वर्षं असंच चाललंय.

परवा दुपारी चंदरनं श्वास सोडला... थांबला...

कुणीच काही म्हणालं नाही.

मी वाट पाहिली.

मग मीच त्याच्या कानाशी वाकले.

"अजून, बाळा... अजून."

पुढचा श्वास आला. तेव्हापासून मीच म्हणते.