पलटणीचा टोप

शाळेच्या प्रदर्शनासाठी हेमांगीला फक्त एक आकडा हवा होता. तक्ता तयार होता: आधी नुसता फेटा, मग थाळीसारखं पसरट पोलादी हेल्मेट, मग कानांपर्यंत उतरलेलं, शेवटी आत्ताचं, हलकं, गोळी अडवणारं. तक्ता करताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती, ती तिने लिहिली नाही. आधीच्या लढाईत जिथे लागून माणसं मेली, तेवढीच जागा पुढच्या हेल्मेटने झाकली होती.

थाळीसारखं हेल्मेट तर घरातच होतं. पणजोबा धर्मा दुसऱ्या महायुद्धातून ते घेऊन आले होते. घरात त्याला पलटणीचा टोप म्हणत. कणगीमागे पालथा पडलेला असे. आई त्याला कधी हात लावत नसे.

टोपात किती मावतं, तेवढंच लिहायचं होतं. भर दुपारी पडवीत बसून हेमांगीने शेराने मापून तांदूळ ओतला. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, म्हणून "लाभ" म्हणाली. मग दोन, मग अर्धा. बरोबर अडीच शेर. खात्रीसाठी तोच तांदूळ तिने परत शेराने मापला.

दोन शेर आणि वर मूठभर.

सारवलेल्या जमिनीवर एक दाणा सांडला नव्हता. तिने पुन्हा टोप भरून रिकामा केला. या वेळी ती मूठही गेली होती. आतून घामाचा, ओल्या चामड्याचा वास आला. आतलं चामडं तर केव्हाच कुजून गळून गेलं होतं.

"ठेव तो खाली!" आई दारात उभी होती. "कमी भरला ना?"

"हो... पण असं कसं?"

"पासष्टच्या लढाईला धर्माआजोबांचं ल्योक, रंगूआजोबा निघालं, तवा वाटेचा तांदूळ यातच मापलेला. असाच कमी भरला. ते मागं आलं न्हाईत."

आत तिचा मोठा भाऊ गणराज पलटणीच्या बुटांना पॉलिश करत होता. त्याची सुट्टी संपली होती. सकाळी बोर्लीहून पहिली एसटी.

"आये, उंदरांनी खाल्ला आसंल," तो आतूनच हसला. "आन् आमची हेल्मेटं एकदम नवीन हायत."

"धर्माआजोबांना दिला, तवा हा पन नवाच व्हता."

गणराजचा ब्रश थांबला. "न्हाय गेलो तर न्यायला येतील, आये."

"न्यायला येतात रं. रंगूआजोबांना आनून द्यायला कोन आलं? नुसता कागद आला. जानाऱ्याच्या तोंडात तांदूळ घालत्यात, त्ये बी राहिलं."

गणराज गेला. प्रदर्शनात तक्त्याला पहिला नंबर मिळाला. पाहुण्यांनी टोप डोक्यावर घालून फोटो काढले, हसले. त्यांच्यापैकी कुणाचाच मुलगा पलटणीत नव्हता.

हेमांगी मात्र रोज शाळेतून आली की आईच्या नकळत टोप भरून पाही. शेर गेला. दीड शेर गेला. बाराव्या दिवशी तिने टोप पालथा केला, तर सुपात एकही दाणा पडला नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"हेमे, माझ्या पिशवीत तांदूळ तूच लपवलास ना? खरं सांग."

"नाही रे दादा... का?"

"हेल्मेट काढलं की रोज केसांतून दाणे पडतात. आपल्याच शेतातले. वास वळखतो मी."

"दादा, ते हेल्मेट घालू नकोस."

"येडी काय? न घालून मरू?" तो हसला. "पन आज... आज हेल्मेट खुंटीला व्हतं गं. झोपेतनं उठलो, तर दाणे तोंडात व्हते."