येते हं, मावशी

साबणराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते मेहुण्याने ठेवलेलं. माणूस घाणीला इतका भिणारा, की बाहेरचा पेला आधी रुमालाने घासूनपुसून घ्यायचा आणि मग तहानच मेली म्हणून तसाच ठेवून द्यायचा. अशा माणसाने तळ्याकाठी भाड्याचं घर घेऊन राहायचं ठरवलं ते केवळ बायकोपायी. ती नुकतीच मोठ्या दुखण्यातून उठली होती. मोकळी हवा हवी, थोडं चालणं हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला धडधाकट घरी न्यायची, मग बाकी जगाचं काही का होईना, एवढंच साबणरावांच्या मनात होतं.

सोबतीला मेहुणा होता. चाळिशी उलटली, पोट सुटलं, तरी बहीण त्याला बाळ्याच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून तिघं तळ्याला वळसा घालायला निघाले. ऊन स्वच्छ होतं, वाट सपाट होती. अलीकडच्या काठाला पोरं डुंबत होती, होड्या फिरत होत्या. पलीकडच्या अंगाला मात्र चिटपाखरू नव्हतं. तिथलं पाणी हलतही नव्हतं. त्यावर सायीसारखा जाड थर धरला होता आणि फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदलू नये तसा वास सुटला होता. साबणरावांनी रुमाल नाकाला लावला.

"दाजी, निसर्ग आहे हा," बाळ्या म्हणाला. "याला फिनेल मारत नाहीत."

पुढे एक मोडका लाकडी धक्का होता. त्याला टेकून, कपड्यांनिशी, कमरेपर्यंत पाण्यात एक बाई बसली होती. केस काळेभोर, पण चेहरा पांढरा आणि फुगलेला, त्यामुळे वयाचा अंदाज येईना.

"पाणी कोमट आहे," ती म्हणाली. "पाय सोडून बघ."

बायको इतके महिने अंथरुणात पडून कंटाळलेली. कोणी बोलायला मिळालं की हरखून जायची. तिने बूट काढले, धक्क्यावर बसली आणि त्या सायीत पाय सोडले. साबणराव पुढे धावले.

"अगं, काढ पाय! काय पाणी आहे ते!"

"अहो, खरंच कोमट आहे. अंगात ताप असावा तसं."

बाई हसली. तिच्या दातांच्या फटींत हिरवं शेवाळ होतं. ती इथेच असते म्हणाली, एकटीच असते, कोणी येत नाही म्हणाली. बोलता बोलता तिच्या बाहीतून बोटभर मासा सुळकन बाहेर पडला. तिचं लक्षही गेलं नाही. साबणरावांनी बायकोला दंडाला धरून उठवलं, पाय कोरडे होईपर्यंत पुसले आणि तो रुमाल तिथेच टाकून दिला.

"बरं, येते हं मावशी," बायको बूट घालत म्हणाली. आपण सगळे निघताना म्हणतो तसंच.

"कधी?" बाईने विचारलं.

बायकोला हसू आलं. "अहो, म्हणजे निघते."

"निघते नाही म्हणालीस. येते म्हणालीस." बाईने हात पुढे केला. "दे हात."

बायकोने भिडेखातर हात दिला. सोडवून घेतला तेव्हा तिच्या तळव्याला काहीतरी चिकटून आलं होतं. पातळ, पांढरं, ओलं. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी बाईच्या हाताची कातडी निघून आली होती. बोटांवरच्या रेघासुद्धा तिच्यावर दिसत होत्या. बाळ्या झुडपामागे जाऊन भडभडा ओकला. त्यानंतर दिवसभर त्याने एकही विनोद केला नाही.

घरी येऊन साबणरावांनी तिचा हात धुतला. साबणाची आख्खी वडी झिजवली. कातडी सुटली, वास सुटेना. बायकोने घासभरही खाल्लं नाही आणि तळ्याकडच्या खिडकीपाशी जाऊन बसली ती उठेचना.

सकाळी ती बूट घालून दारात उभी होती. साबणरावांनी तिचा हात धरला. बोटांची टोकं सुरकुतलेली, पांढरी पडलेली. रात्रभर तिने पाण्याला हात लावला नव्हता.

"कुठे निघालीस?"

"येते म्हटलंय मी. वाट बघत असतील..."

तिच्या तोंडाला तोच वास येत होता. साबणराव मागे सरले, आणि आपण मागे सरलो याची त्यांना विलक्षण लाज वाटली. आजारपणात तिचं सगळं त्यांनी निस्तरलं होतं, कधी नाक मुरडलं नव्हतं. आता तिच्याजवळ उभं राहवत नव्हतं.

"बाळ्या, दाराला पाठ लावून बस. काही झालं तरी सोडू नकोस तिला," त्यांनी सांगितलं आणि ते एकटेच पलीकडच्या काठाला गेले.

बाई तिथेच होती. तशीच टेकलेली. उन्हात वास कालच्यापेक्षा चढला होता, तो नाकातून थेट जिभेवर उतरत होता.

"ती येणार नाही," साबणराव म्हणाले. "तिला तसं म्हणायचं नव्हतं. आमच्यात जाते म्हणत नाहीत... अशुभ वाटतं. म्हणून येते म्हणतात."

"मला काय ठाऊक? मी शब्द ऐकते."

"तिचा शब्द परत द्या."

"हात दे मग."

साबणरावांनी डोळे मिटून हात दिला. बाईचा हात कोमट होता आणि त्याच्या आतून काही हलत होतं, पिशवीभर गांडुळं धरावीत तसं. घशाशी आलेलं त्यांनी गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. कधीतरी तिने हात सोडला.

"सुटली ती," बाई म्हणाली. "तू काय म्हणतोस?"

येतो, हा शब्द अगदी ओठांवर आला होता. साबणरावांनी दात दाबून तो आत लोटला.

"मी जातो," ते नीट, एकेक अक्षर तोडून म्हणाले. "जातो मी."

बाईने समजूतदारपणे मान डोलावली. "बरं. येते मी."

साबणराव झपाझप चालत सुटले. फसले नव्हते ते. शब्द चुकला नव्हता. अर्धी वाट संपेपर्यंत त्यांना त्याचाच आनंद होत होता. मग त्यांच्या ध्यानात आलं, की निघणारा माणूस येतो म्हणतो. बसलेला म्हणतो, या. आणि निघाले तर ते होते...

पुढची वाट ते पळाले. मागे वळून पाहिलं नाही.

घरी बायको स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाव खात होती. "अहो, कुठे गेला होतात? भूक लागलीय मला केव्हाची." तिचे हात कोरडे होते, बोटं गुलाबी होती. साबणरावांनी तिला बाळ्यादेखत जवळ घेतलं आणि ते ढसाढसा रडले.

तासाभरात त्यांनी सामान गाडीत कोंबलं. साबणराव चालवायला, बायको शेजारी, बाळ्या मागे एकटाच. भर दुपारचा मोकळा रस्ता. तळं मागे पडलं, झाडं मागे पडली, बायको खिडकीतून बाहेर बघत काहीतरी गुणगुणू लागली. साबणरावांचे खांदे सैल झाले.

"जरा सरकून बसा ना..." मागून बाळ्या झोपेत पुटपुटला.

"कोणाशी बोलतोयस रे?" बायको हसत म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

साबणरावांनी आरशात पाहिलं. बाळ्या एका दाराला चिकटून, अंग चोरून बसला होता. तो गाढ झोपला होता. त्याचं डोकं रिकाम्या सीटकडे कललं होतं, कोणाच्या खांद्यावर टेकवावं तसं, आणि गाडीला धक्के बसत होते तरी ते जराही हलत नव्हतं.