एकवचन

करंजवणच्या चौकात सारे गाव उभे होते आणि कोणी खोकतही नव्हते. शत्रूचा सर्वाधिकारी ओरदान मेल्याची बातमी सकाळीच आली होती. सोपान हलवायाने पेढ्यांची परात भरून आणली, मग तिच्यावर फडके टाकून प्रेताशेजारी बसावे तसा तिच्यापाशी बसून राहिला. वर, ढगांच्या पलीकडे, एक बारीक घरघर घिरट्या घालत होती.

शेजारच्या सोनतळ्याने गुलाल उधळला होता. दुपारी सोनतळ्याच्या जागी नुसता धूर होता.

ओरदानने मरण्यापूर्वी आपला सूड एका उडत्या यंत्राकडे सोपवला होता. त्याला तो 'वारस' म्हणे. वारस माणसांचे शब्द ऐके आणि शब्दांमागचा कंपही. अंगठ्याच्या ठशासारखा प्रत्येक गळ्यातल्या प्रत्येक दुःखाला स्वतःचा आकार असतो; ध्वनिशास्त्रज्ञ नीरद टिपणीस त्याला 'शोकठसा' म्हणे. तो खोटा उमटवता येत नाही. आणि ज्या गावातून ओरदानसाठी एकही शोकठसा उमटणार नाही, त्या गावाचे मौन म्हणजे दाबून धरलेला आनंद, असे वारसाला शिकवलेले होते.

ग्रामपंचायतीच्या तळघरात वारसाचे कान पोचत नव्हते. तिथे नीरद द्रौपदाबाई ठोंबऱ्यांसमोर बसला होता.

"त्या मेल्यासाठी मी रडू?" द्रौपदाबाई म्हणाल्या. "त्यानं पूल पाडला तेव्हा माझा भास्कर पुलावर होता, ठाऊक आहे ना?"

"रडा भास्करसाठीच, मावशी. नाव तेवढं ओरदानचं घ्या. यंत्राला मन दिसत नाही, ठसा दिसतो. आणि गावात आज खरं रडणं फक्त तुमच्यापाशी आहे."

"आणि लोकांना काय सांगशील?"

"काहीच सांगता येणार नाही. बाहेर बोललेलं सगळं ते ऐकतं." तो थांबला. "म्हणायचं, 'ओरदान गेले'. 'गेला' म्हणू नका. एकवचन ऐकलं की ते तिरस्कार समजेल."

"व्याकरण पण येतं होय त्या मुडद्याला?"

चौकात द्रौपदाबाई ध्वनिक्षेपकासमोर येऊन उभ्या राहिल्या. घरघर खाली उतरली.

"ओरदान..." पुढे 'गेले' म्हणायचे होते, पण जो शब्द फुटला तो वेगळाच होता. "गेला! गेला रे माझा सोन्या! मला न सांगता गेला!"

नीरदने डोळे मिटून घेतले. घरघर डोक्यावर थबकली. मग हळूहळू विरत दूर निघून गेली.

नीरदला उशिरा कळले. मराठीत एकवचन दोघांच्याही वाट्याला येते: ज्याचा मनापासून द्वेष करावा त्याच्या, आणि ज्याला पोटात वाढवले त्याच्या. तो, भाषेच्या कंपांवर आयुष्य घालवलेला, हे विसरला होता. यंत्र विसरले नव्हते. द्रौपदाबाईंच्या आवाजाने त्याला दोघांतला कोणता ते सांगून टाकले होते.

ते चौकालाही कळले होते.

"ओरदानची आई!" आकाश मोकळे होताच सोपान ओरडला. "पोटचं पोर गिळलं त्यानं, अन् ही त्याला सोन्या म्हणते! थू तुझ्या जिनगानीवर!"

परातीवरचे फडके निघाले. पहिला पेढा त्यांच्या कपाळावर बसला. मग सगळेच वाटले गेले.

तळघरात आल्यावर त्यांनी पदराने चेहरा पुसला. नीरदने दार लावून घेतले.

"मावशी, आणखी एक आहे. ते पुन्हा पुन्हा येणार. तोच ठसा दुसऱ्या नावावर सापडला, तर लबाडी उघडी पडेल आणि गाव जाईल. बाहेर भास्करसाठी रडायचं नाही. त्याचं नाव कोरड्या आवाजात घ्यायचं."

"परक्याचं घेतात तसं?"

"हो."

"हे तुला मघाशी ठाऊक होतं?"

नीरदने होकारार्थी मान हलवली. द्रौपदाबाई केसांत अडकलेला पेढ्याचा चुरा बोटांनी काढत होत्या.

"मग मी काय म्हणू रे, तूच सांग. 'भास्कर गेले'?"

नीरदने दाराची कडी काढली आणि तो पायऱ्या चढू लागला.