शेवटच्या गाण्यातली सिंबल

गोष्ट भर दुपारची आहे, म्हणून सांगायला धजतो. रात्रीची असती तर मीच मला वेड्यात काढलं असतं.

मी रेकॉर्डिस्ट. लोक गातात, मी काचेमागे बसून बटणं फिरवतो. त्या रॉक बँडचा शेवटचा अल्बम माझ्याकडेच चालला होता. दादा गायचा, गिटार वाजवायचा. त्याचा धाकटा भाऊ बारक्या ड्रम्सवर. बँडला कुत्रंही विचारत नव्हतं, पण या दोघांची भांडणं मात्र तिकीट काढून ऐकण्यासारखी! गाणं संपलं की बारक्या मोठी सिंबल, म्हणजे ड्रम्सवरची पितळी थाळी, हाताने धरून तिचा आवाज झटकन तोडायचा. दादाला तो आपोआप विरायला हवा असायचा.

"एकदा तरी माझं ऐक रे! मी सांगेपर्यंत हात लावू नकोस तिला."

"दादा, तू सांगेपर्यंत लोक घरी जाऊन झोपतील."

त्या दिवशी दादा हसला नाही. "जमत नसेल तर चालता हो," म्हणाला. बारक्याने मोटरसायकलला किक मारली. पुढच्या वळणावर ट्रक होता.

शेवटचं गाणं राहिलंच होतं. काही आठवड्यांनी दादा एकटा आला. ड्रम्स होते तिथेच होते. उचलायचा धीर कोणाला झाला नव्हता. गिटार जोरात वाजली की शेजारचे ड्रम्स आपसूक घुमतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून गाणं संपल्यावर सिंबल वाजत राहिली, तेव्हा मी घाबरलो नाही. थांबेल म्हणून वाट पाहिली.

ती थांबेना.

मी आत गेलो. खोलीत पितळ घासल्यासारखा वास होता. मी सिंबल दोन्ही हातांनी घट्ट धरली. ती गार होती, जराही हलत नव्हती. आवाज मात्र चालूच...

"तुझं नाही ऐकणार तो," दादा हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "माझं ऐकतोय... पहिल्यांदाच."

"मग सांग ना त्याला, धर म्हणून."

दादा गिटार खाली ठेवून ड्रम्ससमोर बसला.

अल्बम निघाला. ते गाणं मीच आवाज हळूहळू बारीक करत संपवलं, त्याला दुसरा शेवटच नव्हता. सिंबल अजून वाजतेच आहे. दादा रोज दुपारी येतो आणि ड्रम्ससमोर बसतो. मला त्याची कीव येते, रागही येतो. परवा त्या आवाजात पहिल्यांदाच थरथर ऐकू आली.

"दादा, दमलाय रे तो."

"माहीत आहे..." त्याने मान खाली घातली. "पण धर म्हणून सांगितलं की तो जाईल ना..."

तेवढ्यात ड्रम्समागचं रिकामं स्टूल करकरलं. बसून बसून अवघडलेलं कुणीतरी जागच्या जागी सरकलं होतं.